तबकड्यांची चढाओढ

एकाच कामाचीं दोन यंत्रें दोन कारखानदारांनीं एकाच सुमारास बाजारांत आणावींत आणि एकाचा माल दुसऱ्याच्या यंत्रांत बसूं नये, असें घडलें म्हणजे जी चढाओढ सुरू होते तिचा खर्च अखेरीस गिऱ्हाइकाच्या माथीं बसतो. आवाज व चित्र सांठवून ठेवण्याच्या साधनांच्या बाबतींत गेल्या सव्वाशें वर्षांत अशी चढाओढ पांच-सहा वेळां तरी झाली आहे. नागपुरांत महाल किंवा धंतोली भागांतील एखाद्या जुन्या बिऱ्हाडाचें कपाट उघडलें तर तिचा इतिहास थराथरानें रचलेला सांपडतो. तळाशीं लाखेच्या जड काळ्या तबकड्या, त्यांवर एल. पी.चीं मोठीं पाकिटें, मग कॅसेटींचा ढीग, लग्नाची एखादी व्हिडिओ कॅसेट, आणि सर्वांत वर व्ही. सी. डी. आणि डी. व्ही. डी.च्या चकचकीत चकत्या. यांतील बहुतेक वस्तु आज त्या घरांत वाजत नाहींत, कारण त्या वाजविणारें यंत्र घरांत उरलेलें नसतें.

या इतिहासांत दोन प्रश्न पुनः पुनः पुढें येतात. दोन साधनांपैकीं कोणतें टिकेल हें कशावरून ठरतें, हा पहिला; आणि जें साधन हरलें त्यांत सांठविलेल्या गाण्याचें व बोलण्याचें पुढें काय होतें, हा दुसरा. पहिल्याची चर्चा व्यापारी मंडळी व वर्तमानपत्रें मोठ्या हिरीरीनें करतात. दुसऱ्याकडे लक्ष द्यावयास फारशी कोणास सवड नसते; तथापि घराच्या व समाजाच्या दृष्टीनें तोच अधिक महत्त्वाचा आहे.

थॉमस एडिसन यानें १८७७ सालीं मनुष्याचा आवाज कथलाच्या वर्खावर उमटवून पुन्हां ऐकविला. पुढें वर्खाची जागा मेणाच्या नळकांड्यानें घेतली. १८८७ सालीं एमिल बर्लिनर यानें नळकांडें सोडून सपाट तबकडी पसंत केली. नळकांड्यावर सुई खालीवर होऊन आवाज कोरी, तबकडीवर ती डावी-उजवीकडे हाले. केवळ गुणांचा हिशेब मांडला तर नळकांडें कमी प्रतीचें नव्हतें. त्याचा पृष्ठभाग सुईखालून आरंभापासून शेवटपर्यंत एकाच वेगानें सरके; तबकडींत मात्र सुई मध्याकडे जाई तसतसा हा वेग मंदावे व आवाजाची स्पष्टता कमी होई. शिवाय नळकांड्याच्या यंत्रावर घरच्या घरीं आपला आवाज भरतां येई. तबकडीच्या यंत्रावर तो फक्त ऐकतां येई. तरीहि तबकडी जिंकली. तिच्या धातूच्या एका ठशावरून हजारों प्रती दाबून काढतां येत, तर नळकांड्याच्या प्रतींसाठीं प्रारंभीं गवयाला तेंच गाणें अनेक कर्ण्यांपुढें वारंवार म्हणावें लागे. नळकांडीं ठशांतून ओतण्याची युक्ति साधेपर्यंत तबकडी पुष्कळ पुढें गेली होती. ती रचून ठेवावयास व दूर धाडावयास सोपी, आणि लवकरच तिच्या दोन्ही बाजूंस गाणीं भरूं लागलीं. १९२९ सालीं एडिसनच्या कंपनीनें हा धंदाच आंवरता घेतला.

हिंदुस्थानांत ही चढाओढ कलकत्त्यास दिसली. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तज्ज्ञ तेथें आला आणि त्यानें गोहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. हीं मुद्रणें जर्मनींत हॅनोव्हरला जात, तेथें तबकड्या दाबल्या जात, आणि मग त्या बोटीनें परत येत. १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदा येथें कारखाना निघाला तेव्हां हा फेरा वांचला. त्याच काळांत कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस नळकांड्यांचा व्यापार करीत होते, आणि स्वदेशी चळवळीच्या दिवसांत रवींद्रनाथांचा आवाजहि त्यांनीं नळकांड्यावर घेतला होता. नळकांड्यांचे दिवस भरत आले असें पाहून त्यांनीं फ्रान्सच्या पाथे कंपनीकडून तबकड्या काढविल्या. पण पाथेची तबकडी निराळ्या जातीची होती. तिची रेघ खालीवर कोरलेली असे, तिला पोलादी सुईऐवजीं नीलमण्याचा बारीक गोळा लागे, आणि ती बहुधा मध्यापासून कडेकडे वाजे. साध्या ग्रामोफोनवर ती चढविली तर कांहीं उपयोग नसे. बोस यांच्या नळकांड्यांपैकीं फारच थोडीं आज उरलीं आहेत. स्वदेशीच्या काळांतील कितीतरी आवाज अशा रीतीनें साधनाबरोबर नाहीसे झाले.

याच्या उलट उदाहरण नागपूरच्या अधिक जवळचें आहे. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या अनुषंगानें १९१३ ते १९२९ या काळांत देशांतील अनेक भाषा व बोली ग्रामोफोनच्या तबकड्यांवर उतरविण्यांत आल्या. नागपूर ही ज्या मध्यप्रांताची राजधानी होती, त्या प्रांतांतील बोलीहि त्यांत आल्या. तें काम जिंकलेल्या साधनावर झालें, त्याच्या प्रती ग्रंथालयांत राहिल्या, आणि पुढें त्या नव्या साधनांवर उतरवून घेण्यांत आल्या; म्हणून शंभर वर्षांपूर्वींचें तें बोलणें आज ऐकतां येतें. कलकत्त्याचीं नळकांडीं व हें भाषिक संग्रहाचें काम यांच्यामध्यें फार वर्षांचें अंतर नाहीं. अंतर पडलें तें साधनाच्या निवडीमुळें आणि प्रती जपल्या गेल्या यामुळें.

पुढें मिनिटाला सुमारें ७८ फेरे घेणारी, डाव्या-उजव्या रेघेची तबकडी सर्वमान्य झाली आणि चढाओढीला कांहीं वर्षें विसांवा मिळाला. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’, ‘ओडियन’ किंवा मुंबईची ‘यंग इंडिया’, तबकडी कोणाचीहि असो, ती कोणत्याहि ग्रामोफोनवर वाजे. कंपन्यांची स्पर्धा होती ती गवयांसाठीं व गाण्यांसाठीं होती. महाराष्ट्राच्या संगीताला हा काळ फार लाभला. अब्दुल करीम खांसाहेबांचे राग व बालगंधर्वांचीं नाट्यपदें थिएटर नसलेल्या गांवींहि जाऊन पोहोंचलीं तीं या शांततेमुळें. जे गायक तबकडीपासून दूर राहिले त्यांची मात्र केवळ आख्यायिका उरली. भास्करबुवा बखले १९२२ सालीं व अल्लादिया खांसाहेब १९४६ सालीं निवर्तले; त्यांचें गाणें बाजारांतील तबकडीवर कधीं आलें नाहीं, आणि आजच्या पिढीस तें शिष्यांच्या गळ्यांतूनच अनुमानावें लागतें.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटेंच गाणें मावे. या मर्यादेचा साहित्यावरहि परिणाम झाला, आणि त्याची साक्ष विदर्भांतच आहे. मेहकरचे वकील व कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनीं १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तबकडीवर गायिली. मराठी भावगीताच्या प्रसाराचा आरंभ पुष्कळ जण तेथूनच धरतात. नाट्यपदाचा विस्तार नाहीं, ख्यालाचा आलाप नाहीं. एक भावना, चार कडवीं आणि तीन मिनिटें, असें त्या नव्या गीताचें स्वरूप ठरलें. विदर्भांतून गेलेले व कायद्याचे पदवीधर असलेले जोशी १९३८ सालीं मुंबईस ग्रामोफोन कंपनीच्या नोकरींत शिरले आणि तीन मिनिटांच्या काळापासून लांब तबकडीच्या काळापर्यंत ध्वनिमुद्रणाच्या कामांत राहिले.

७८ फेऱ्यांच्या तबकडीचा मुख्य घटक लाख. छोटा नागपूर व मध्य हिंदुस्थानच्या जंगलांत पळस-कुसुमाच्या फांद्यांवर जो किडा लाख धरतो, तिच्यावर सबंध जगाचें संगीत उभें होतें. दुसऱ्या महायुद्धांत लाखेची टंचाई झाली तेव्हां पाश्चात्त्य देशांत जुन्या तबकड्या परत घेऊन, त्यांचा चुरा करून नव्या काढण्याची पाळी आली. त्यानंतर कृत्रिम द्रव्याची न फुटणारी तबकडी आली आणि पुन्हां युद्ध जुंपलें. १९४८ च्या जूनमध्यें अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लांब तबकडी काढली. आर. सी. ए. व्हिक्टरनें १९४९ सालीं तिच्याविरुद्ध ४५ फेऱ्यांची लहान तबकडी उभी केली. गिऱ्हाईक गोंधळलें, आणि शेवटीं दोन्ही पक्षांनीं एकमेकांच्या तबकड्या काढून कामाची वांटणी केली. लांब तबकडी विस्तारानें गाण्यासाठीं व लहान तबकडी एकेका गीतासाठीं, अशी ती वांटणी होती. याच १९४८ सालीं १६ जुलै रोजीं नागपूरचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें हा एक योगायोगच. हिंदुस्थानांत लांब तबकडीचा प्रसार होण्यास आणखी वीस वर्षें लागलीं. पण ती आल्यावर रागाला प्रथमच बाजूमागें वीस-बावीस मिनिटांची मोकळीक मिळाली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही गाजलेली तबकडी जोशी यांच्याच देखरेखीखालीं झाली.

फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं आणलेल्या कॅसेटनें वेगळाच धडा दिला. त्या कंपनीनें आपली पद्धति इतर कारखानदारांना सढळपणें वापरूं दिली, म्हणून ती जगभर एकच राहिली. १९८० नंतर हिंदुस्थानांत कॅसेट इतकी स्वस्त झाली कीं ध्वनिमुद्रण हें बड्या कंपनीचें काम राहिलें नाहीं. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भरणाऱ्या बाजारांत पुस्तकांच्या शेजारीं भीमगीतांच्या कॅसेटी मांडल्या जाऊं लागल्या. पूर्व विदर्भांतील झाडीपट्टीचीं नाटकें, भजनें व दंडार यांनाहि या स्वस्त साधनांमुळें श्रोते मिळाले. मुंबईच्या कंपन्यांनीं जें कधीं मुद्रित केलें नसतें तें लहान दुकानदारांनीं केलें.

चित्राच्या बाबतींत चढाओढ अधिक तीव्र झाली. सोनी कंपनीनें १९७५ सालीं ‘बीटामॅक्स’ व जे. व्ही. सी. कंपनीनें १९७६ सालीं ‘व्ही. एच. एस.’ अशा दोन फिती बाजारांत आणल्या. बीटामॅक्सचें चित्र किंचित् सरस अशी तिची ख्याति होती; पण प्रारंभीं तिच्यांत एक तास मावे तर व्ही. एच. एस. मध्यें दोन. शिवाय जे. व्ही. सी.ने अनेक कारखानदारांना आपल्या बाजूस घेतलें. हिंदुस्थानांत १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि व्हिडिओचें वेड पसरलें. गल्लोगल्लीं कॅसेट भाड्यानें देणारीं दुकानें निघालीं. मुंबईच्या शेमारूनें तर १९७९ सालींच पुस्तकांच्या वाचनालयाला व्हिडिओचें वाचनालय जोडलें होतें. दुकानांत जी फीत मिळते तिचें यंत्र घ्यावें आणि लोकांकडे जें यंत्र आहे तिची फीत दुकानानें ठेवावी, असें चक्र फिरूं लागल्यावर दुसऱ्या पद्धतीस वाव उरत नाहीं. चित्र किती सरस हा प्रश्न मग कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंतील आप्तांनीं पाठविलेली लग्नाची फीत येथील यंत्रावर नीट दिसत नसे, याचें कारणहि असेंच होतें. तिकडील चित्राची पद्धति एन. टी. एस. सी., इकडील पाल. फीत एकच असूनहि चित्र जुळत नसे.

फितीऐवजीं चित्र तबकडीवर आणण्याचे प्रयत्न याच काळांत चालू होते, आणि त्यांतहि तीन पक्ष होते. फिलिप्स व एम. सी. ए. यांची ‘लेसरडिस्क’ १९७८ सालीं आली. ती प्रकाशकिरणानें वाचली जाई. आर. सी. ए.ची ‘सिलेक्टाव्हिजन’ १९८१ सालीं आली. ती ग्रामोफोनसारखी रेघेंतून सुई फिरवून चित्र दाखवी. तिसरी जे. व्ही. सी.ची ‘व्ही. एच. डी.’. आर. सी. ए.ने कोट्यवधि डॉलर गमावून १९८४ सालीं आपल्या यंत्रांचें उत्पादन थांबविलें. या तिन्ही चकत्यांवर घरीं कार्यक्रम भरून घेण्याची सोय नव्हती. ती फितीवर होती, आणि गिऱ्हाइकानें फीतच पसंत केली. नळकांड्याला न तारणारा गुण येथें फितीला तारक ठरला.

ध्वनीच्या सीडीसाठीं फिलिप्स व सोनी यांनीं मात्र आधींच एकत्र बसून नियम ठरविले व १९८२ सालीं ती बाजारांत आणली. त्यामुळें तिच्यावरून युद्ध झालें नाहीं. तिच्याच पायावर १९९३ सालीं व्ही. सी. डी. आली. एका चकतींत जेमतेम सव्वा तासाचें चित्र मावे. हिंदी चित्रपटाला दोन किंवा तीन चकत्या लागत व ऐन रंगांत आलेल्या प्रसंगीं उठून चकती बदलावी लागे. पाश्चात्त्यांनीं तिला नाक मुरडलें, पण आशियांतील घरांनीं ती उचलली, कारण ती स्वस्त होती आणि फितीप्रमाणें तिला पावसाळ्यांत बुरशी चढत नसे. त्यानंतर सोनी-फिलिप्स व तोशिबा-टाईम वॉर्नर असे दोन गट दोन निराळ्या चकत्या घेऊन समोरासमोर आले. संगणकाच्या कारखानदारांनीं, विशेषतः आय. बी. एम.ने, एकच चकती पाहिजे असा आग्रह धरला. १९९५ सालीं तडजोड झाली व १९९६ सालीं जपानांत डी. व्ही. डी. निघाली. तिच्यांतहि व्यापाऱ्यांनीं जगाचे विभाग पाडून ठेवले. अमेरिकेसाठीं पहिला, हिंदुस्थानासाठीं पांचवा. पहिल्या विभागाची चकती पांचव्याच्या यंत्रावर मुद्दाम चालूं दिली नाहीं. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या दिल्लीच्या कंपनीनें व्ही. सी. डी. अठ्ठावीस रुपयांस व डी. व्ही. डी. चौतीस रुपयांस विकून बाजार हालवून सोडला. २०१८ सालीं त्याच कंपनीवर दिवाळखोरींत विसर्जित होण्याची वेळ आली.

शेवटचें मोठें युद्ध २००६ ते २००८ मध्यें झालें. निळ्या किरणानें वाचली जाणारी, अधिक सूक्ष्म चित्राची चकती दोन्ही पक्षांनीं काढली. सोनी व तिच्या सहकाऱ्यांची ‘ब्लू-रे’ हिच्या एका थरांत २५ गिगाबाइट मजकूर मावे, तोशिबाच्या ‘एच. डी. डी. व्ही. डी.’च्या थरांत १५ मावे, परंतु ती जुन्या डी. व्ही. डी.च्या कारखान्यांत थोड्या फेरफारानें निघूं शके व म्हणून स्वस्त पडे. या युद्धाचा निकाल लावण्यांत मुलांच्या खेळाच्या यंत्राचा मोठा वांटा होता. खेळांच्या यंत्रांतहि पूर्वी हाच वाद झाला होता. १९९६ सालीं निंटेंडोनें आपले खेळ महागड्या काडतुसांत ठेवले, तर सोनीच्या प्लेस्टेशननें ते स्वस्त सीडीवर दिले. खेळ रचणारे सोनीकडे वळले. २००० सालच्या प्लेस्टेशन-२ वर डी. व्ही. डी. पाहतां येई. २००६ सालीं आलेल्या प्लेस्टेशन-३ मध्यें ब्लू-रेचें वाचनयंत्र आंतच बसविलेलें होतें. त्यामुळें खेळासाठीं घेतलेल्या यंत्राबरोबर ब्लू-रे लाखों घरांत शिरली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स-३६० ला मात्र एच. डी. डी. व्ही. डी.चें यंत्र बाहेरून, वेगळे पैसे भरून जोडावें लागे. ४ जानेवारी २००८ रोजीं वॉर्नर या चित्रपट कंपनीनें ब्लू-रेचा पक्ष घेतला आणि १९ फेब्रुवारीस तोशिबानें शस्त्रें खालीं ठेवलीं. ज्यांनीं तोशिबाचीं यंत्रें घेतलीं होतीं त्यांच्या पदरीं दोन वर्षांत निरुपयोगी झालेली वस्तु आली.

या सर्व प्रकरणांतून पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. साधनाचा विजय त्याच्या गुणापेक्षां त्याच्याभोंवतीं जमणाऱ्या गाण्यांवर, चित्रपटांवर, दुकानांवर व सहकाऱ्यांवर अवलंबून असतो. आणि कारखानदारांनीं आधीं एकमत केलें तर सर्वांचाच लाभ होतो. सीडी आणि डी. व्ही. डी. ही त्याचीं उदाहरणें आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तितकें समाधानकारक नाहीं. या देशांत छापलेल्या पुस्तकाची प्रत ठराविक ग्रंथालयांना दिलीच पाहिजे असा कायदा १९५४ सालीं झाला व १९५६ सालीं वर्तमानपत्रेंहि त्यांत आलीं. तबकडी, कॅसेट किंवा चकती यांचा त्यांत समावेश झाला नाहीं. म्हणून मुंबईच्या मोठ्या कंपनीचें गाणें तिच्या कोठारांत तरी सांपडतें. पण नागपूरच्या एखाद्या गायकानें वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं लहान दुकानासाठीं गायिलेलें भीमगीत किंवा झाडीपट्टीच्या नाटकाचें चित्रण ज्या घरांत आहे त्या घरापुरतेंच उरतें. नागपूरच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो. मागोमाग पावसाळ्याची दमट हवा येते. फितीवरील लोहचूर्ण ज्या द्रव्यानें धरून ठेवलेलें असतें तें ओल शोषून चिकट होतें, फितीवर बुरशी चढते, आणि घरीं भरलेल्या चकतीचा रंगद्रव्याचा थर उष्णतेनें व उजेडानें फिका पडतो. यंत्राचीहि तीच गत आहे. व्ही. एच. एस.चें शेवटचें यंत्र बनविणाऱ्या जपानी कंपनीनें २०१६ सालीं तें काम बंद केलें. बीटामॅक्सच्या फितीहि त्याच वर्षीं थांबल्या.

आतां तर चकतीचेंच प्रयोजन उरत नाहीं अशी स्थिति आली आहे. गाणें व चित्रपट दूरच्या कोठारांतून तारेनें वा लहरींनीं घरीं येतात, आणि खेळाचीं यंत्रेंहि चकतीच्या खांचेवांचून विकलीं जातात. सोय मोठी, यांत शंका नाहीं. परंतु कोठाराचा मालक दार लावील त्या दिवशीं घरांत कांहीं उरत नाहीं. ‘द क्रू’ नांवाचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ २०२४ च्या मार्चअखेर त्याच्या कंपनीनें बंद केला, तेव्हां ज्यांनीं तो पैसे देऊन घेतला होता त्यांच्या हातांतील चकतीहि निकामी झाली. लाखेची तबकडी फुटे, पण ती कंपनी बुडाल्यानें मुकी होत नसे.

तेव्हां सुशिक्षित घरांनीं कोणता पक्ष जिंकेल याची चिंता व्यापाऱ्यांवर सोपवावी आणि कपाटांतील जुन्या फितींकडे व चकत्यांकडे वळावें. यंत्र मिळतें आहे तोंवर त्यांतील आवाज नव्या साधनावर उतरवून घ्यावा, एकाऐवजीं दोन ठिकाणीं ठेवावा, आणि कोणाचा आवाज, कोणत्या सालचा, कोणत्या प्रसंगाचा, हें कागदावर लिहून सोबत जोडावें. जें घराबाहेरच्यांनाहि मोलाचें वाटेल तें एखाद्या ग्रंथालयास किंवा विद्यापीठास द्यावें. ग्रियर्सन यांच्या तबकड्यांवरील मध्यप्रांताच्या बोली आज ऐकूं येतात, त्या कोणीतरी हें कंटाळवाणें काम वेळेवर केलें म्हणून. तेंच काम आज नागपूरच्या घराघरांतील कपाटांपुढें पडलेलें आहे.